रिमोट ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये आहे

मे महिन्यातल्या मुंबईत लोकरीची शाल पाहायची असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कुठल्याही काचेच्या इमारतीत शिरावं. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असतं, हवा इतकी दमट की घाम पुसायला काढलेला रुमाल आधीच ओला निघतो. आणि आत, सातव्या मजल्यावर, अकाउंट्सच्या मॅडम कानांवरून शाल लपेटून जीएसटीचं रिटर्न भरत असतात. त्यांच्या मागच्या खुर्चीवर एक राखाडी स्वेटर कायमचा टांगलेला आहे. तो कुणाचा, हे आता कुणालाच सांगता येत नाही. ज्याला हुडहुडी भरेल तो घालतो आणि परत टांगतो. समोरच्या रांगेत सेल्समधला एक जाडजूड तरुण बाह्या कोपराच्या वर सारून, लॅपटॉपला जोडलेला चिमुकला पंखा हनुवटीखाली धरून बसलेला असतो. दोघांमध्ये अंतर फार तर बारा फूट. भिंतीवरच्या डबीत दोघांसाठी आकडा एकच, २१.

आमच्या ऑफिसात पगारावरून कधी भांडण झालेलं नाही. पगार ही गुप्त बाब. शेजारच्याला किती मिळतो हे कळत नाही, म्हणून माणूस मनातल्या मनात कुढतो आणि गप्प बसतो. एसी मात्र उघडउघड सगळ्यांच्या अंगावर येतो. तेव्हा पगाराचं, हुकलेल्या बढतीचं, नामंजूर झालेल्या रजेचं असं सगळं भांडण एसीवर निघतं. "या ऑफिसात माणसाला साधा श्वास घेता येत नाही," असं जेव्हा एखादा म्हणतो, तेव्हा तो व्हेंटिलेशनबद्दल बोलत नसतो.

सकाळी साडेनऊला सगळ्यात जास्त आरडाओरड. विरारहून, कल्याणहून, पनवेलहून उभ्याने आलेली माणसं. त्यात स्टेशनापासून शेअर रिक्षा, गेटवर बॅग तपासायची रांग, लिफ्टची दुसरी रांग. जागेवर टेकायच्या आधी पहिला हुकूम सुटतो, "सोळावर कर रे!" ऑफिसबॉय ॲडमिनच्या ड्रॉवरमधून रिमोट काढतो, छताकडे रोखतो, बटणं दाबतो आणि परत ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावतो. सोळावर ठेवला की खोली लवकर गार होते, ही आमच्याकडची अढळ श्रद्धा आहे. हीच मंडळी लिफ्टचं बटण पाच-पाच वेळा दाबतात. वास्तविक साधा एसी चोवीसला लावा नाहीतर सोळाला, त्याचा गार करण्याचा वेग तोच राहतो; सोळाला लावल्यावर तो फक्त थांबायचं नाव घेत नाही. असो. साडेअकरापर्यंत शर्ट वाळतात, अंगातली चाल उतरते आणि सकाळी ज्यांनी सोळा मागितला तेच लोक हात काखेत घालून "कुणी केलाय एवढा गार?" म्हणून चौकशी करत फिरतात.

यातली अंगातली चाल ही मोजता येते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून जी उष्णता बाहेर पडते, तिला शास्त्रज्ञ १ मेट म्हणतात: त्वचेच्या दर चौरस मीटरमागे ५८.२ वॅट. टायपिंग करणारा माणूस एकाच्या थोडा वर असतो, भराभर चालणारा दोनाच्या पलीकडे जातो. कुर्ला स्टेशनाच्या पुलावरून साडेआठ वाजता उतरणाऱ्याला किती मेट द्यायचे हे मात्र कुठल्या तक्त्यात मला सापडलेलं नाही. आणि पश्चिम रेल्वेने २५ डिसेंबर २०१७ रोजी एसी लोकल सुरू केल्यापासून ऑफिसात आणखी एक जात निर्माण झाली आहे. ही माणसं घरून निघतात तेव्हाच गार होत होत येतात आणि साडेनऊच्या त्या आरडाओरडीकडे वरच्या वर्गातून खालच्या वर्गाकडे पाहावं तसं पाहतात.

खरं सांगायचं तर हे यंत्र आपल्यासाठी केलेलंच नव्हतं. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाच्या छापखान्यात रंगीत छपाई बिघडत होती. उन्हाळ्यात हवेतला दमटपणा वाढला की कागद फुगायचा, उतरला की आकसायचा, आणि एकावर एक चढवायचे रंग जागेवर बसायचे नाहीत. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरने गार नळ्यांवरून हवा खेळवून तिचा दमटपणा काबूत आणला. कागद सुखी झाला. तिथल्या कामगारांना काय वाटतं हे विचारायला त्याला कुणी पाठवलं नव्हतं. म्हणजे वातानुकूलनाच्या इतिहासात पहिला मान कागदाचा, माणसाचा नंबर नंतर लागला. आजही आमच्या मजल्यावर हवेबद्दल तक्रार न करणारा एकच रहिवासी आहे, तो म्हणजे ए-फोर. त्याचाच एक ताव भिंतीवर लावलाय, "कृपया एसीचे तापमान परस्पर बदलू नये. आदेशावरून." आणि कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने एसीच्या झडपेला लावून वारा अकाउंट्सकडून सेल्सकडे वळवलाय. तो पुठ्ठा रोज संध्याकाळी पडतो, रोज सकाळी परत लागतो. कोण लावतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही बोलत नाही.

कागदानंतर मान यंत्रांचा. सर्व्हर रूममध्ये आमच्याकडे कायम १६ असतं. आयटीचा मुलगा तिथे ऐन वैशाखात हुडी घालून वावरतो. गंमत अशी की अमेरिकेतली वातानुकूलन इंजिनिअरांची संस्था, ॲश्रे, सर्व्हरसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस करते. सत्तावीस अंशांत सर्व्हर मुकाट्याने काम करतो. आमचे रीजनल मॅनेजर तेविसातच टाय सैल करतात.

"दीड टनाचा आहे हो, तरी गार होत नाही," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल, बहुधा म्हटलंही असेल. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेईल, तेवढी खोलीतून उपसण्याची ताकद म्हणजे एक टन; वॅटमध्ये साधारण साडेतीन हजार. आणि खुर्चीत बसून काम करणारा माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. हिशेब सोपा आहे. पस्तीस माणसं म्हणजे एक टन. पस्तीस जणांच्या खात्यात एसीचा पहिला एक टन आपली आपल्यालाच निस्तरण्यात खर्ची पडतो; कॉम्प्युटर, दिवे, झेरॉक्सचं मशीन आणि पश्चिमेचं ऊन यांचा नंबर त्यानंतर. ॲप्रेझलच्या आठवड्यात हा आकडा वाढत असणार. उलट शुक्रवारी निम्मी मंडळी घरून काम करतात आणि पूर्ण पलटणीसाठी बसवलेली सगळी गारठ आलेल्या निम्म्यांच्या वाट्याला येते. शुक्रवारी ऑफिसात येणाऱ्याचा कामसूपणा मोजायचा तर हे धरलं पाहिजे.

बर्फाशी मुंबईची ओळख तशी एसीच्या फार आधीची. १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात भरून जहाजाने इथे यायचा. जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत पहिल्यांदा आइस्क्रीम ठेवलं तेव्हा यजमानांसह बऱ्याच पाहुण्यांना सर्दी झाली आणि गावात त्याची चर्चा झाली, असा किस्सा सांगतात. म्हणजे साहेबाच्या हौसेपायी बाकीच्यांना गार बाधण्याची या शहराची परंपरा जुनी आहे.

आता फँगरसाहेबांकडे वळतो, कारण या विषयातले ज्ञानेश्वर ते. पॉव्ल ओले फँगर हे डेन्मार्कचे प्राध्यापक. १९७० साली त्यांनी 'थर्मल कम्फर्ट' नावाचं पुस्तक काढलं आणि जगभरच्या ऑफिसांची हवा त्या पुस्तकावर बेतली जाऊ लागली. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या आणि डेन्मार्कमधल्या कॉलेजच्या मुलांना एका बंद खोलीत सारखे कपडे घालून बसवायचं, खोलीचं तापमान बदलायचं आणि विचारायचं, कसं वाटतंय? उत्तर उणे तीन ते अधिक तीन या मापात द्यायचं. उणे तीन म्हणजे गारठलो, अधिक तीन म्हणजे उकडतंय, शून्य म्हणजे काही म्हणणं नाही. यावरून फँगर यांनी एक समीकरण मांडलं. त्यात सहा गोष्टी येतात: हवेचं तापमान, भोवतालच्या भिंती-काचांची धग, वाऱ्याचा वेग, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. आपण गेली कितीतरी वर्षं यातल्या फक्त पहिलीवर भांडतोय. उरलेल्या पाच गोष्टींवर अजून भांडणाला तोंडच फुटलेलं नाही, ही केवढी मोठी संधी!

पण फँगर मला आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. एवढं सगळं गणित करून झाल्यावर त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की तुम्ही खोली कितीही अचूक जमवा, पाच टक्के माणसं नाखूशच राहणार. शून्यावर आणलं तरी पाच टक्के. हा शोध डेन्मार्कमध्ये लागला याचंच मला नवल वाटतं. कुठल्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला तो जागच्या जागी लागला असता. आमच्या मजल्यावर साठ जण आहेत, म्हणजे पाच टक्क्यांचे तिघं. ते तिघं कोण, हे सांगायला समीकरण लागत नाही. त्यातल्या एकाला पाय गार आणि डोकं गरम वाटतं. दुसऱ्याला एसी चालू असताना त्याचा आवाज सहन होत नाही आणि बंद असताना शांतता. तिसरे काका आकडा कळेपर्यंत ठीक असतात. "किती आहे?" विचारतात, बावीस म्हटलं की लगेच मफलर काढतात.

ॲश्रेचं जे मानक आहे, त्यात तर ऐंशी टक्के लोक समाधानी असले की जमलं असं धरतात. याचा अर्थ दर पाचातल्या एकाला कुरकुर करण्याची जागतिक पातळीवर परवानगी आहे. ही गोष्ट मी एचआरच्या मॅडमना सांगितली. त्यांनी डायरीत लिहून घेतली, आणि आता प्रत्येक तक्रारीवर त्या फक्त एवढंच म्हणतात, "तुम्ही विसातले."

याच फँगर यांनी पुढे, १९८८ साली, हवेतल्या माणसांच्या वासासाठी एक एकक काढलं, 'ओल्फ' नावाचं. एक प्रमाण माणूस जेवढा वास सोडतो तो १ ओल्फ. आता प्रमाण माणूस कोण? ऑफिसात बसून काम करणारा, रोज आतले कपडे बदलणारा आणि दिवसाला ०.७ अंघोळी करणारा. म्हणजे दहा दिवसांत सात. ज्या देशात सूर्योदयाआधी दोन तांबे अंगावर घेतल्याशिवाय माणूस देवाला हात लावत नाही आणि उन्हाळ्यात घरी परतल्यावर पुन्हा बाथरूम गाठतो, तिथे हा प्रमाण माणूस आणून बसवला तर आधी त्याच्यावरच तक्रार होईल. आणि आपल्या दोन अंघोळींचा संध्याकाळी सहाच्या डोंबिवली फास्टमध्ये काही उपयोग होत नाही, हेही कुणीतरी त्या समीकरणात घालायला हवं होतं.

कपड्यांचंही असंच. १९४१ साली तीन शास्त्रज्ञांनी कपड्याची ऊब मोजायला 'क्लो' हे माप ठरवलं. १ क्लो म्हणजे, ढोबळमानाने, कोट-पँट-शर्ट घातलेला साहेब. हा साहेब एकवीस अंशांत, संथ हवेत, सुखाने बसतो. तेव्हापासून जगातली ऑफिसं त्याच्या सुखासाठी गार होत आली आहेत, मग त्या ऑफिसात कोट घातलेला एकच जण असो आणि तोही केबिनमध्ये. बाहेर बसलेल्यांनी सुती कुडते, साड्या, लेगिंग घालून त्याच्या कोटाची थंडी सोसायची. जपानने २००५ साली यावर सरळ उपाय केला. पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी 'कूल बिझ' नावाची मोहीम काढली: एसी २८ अंशांवर, आणि कोट-टाय घरी. पंतप्रधान कोइझुमी स्वतः टाय न लावता वावरू लागले. आपल्याकडे उलट. बँकेत कर्ज विकणारं बावीस वर्षांचं पोर गळ्यात टाय आवळून एप्रिलच्या उन्हात चेंबूरभर फिरतं. ज्याला टायची सर्वांत कमी गरज त्याच्याच गळ्यात ती, हा आपला नियम.

साडीची ऊब मोजायचं काम माधवी इंद्रगंटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी उष्णता मोजणाऱ्या पुतळ्याला साडी नेसवून पाहिली आणि निघालं असं की तीच साडी नेसण्याच्या, पदर घेण्याच्या तऱ्हेनुसार कमी-जास्त ऊब देते. आमच्या अकाउंट्सच्या मॅडमना हे मी मोठ्या उत्साहाने सांगायला गेलो. त्यांनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेत विचारलं, "यासाठी पुतळा कशाला लागला?"

बायकांना ऑफिसात जास्त गार वाटतं याची "काय बाई नाजूक!" अशी टिंगल करण्याची आमच्याकडे पद्धत होती. २०१५ साली दोन डच शास्त्रज्ञांनी ती बंद पाडली. त्यांनी हलकं ऑफिसकाम करणाऱ्या तरुणींचा चयापचय प्रत्यक्ष मोजला आणि दाखवलं की मानकात धरलेला आकडा बायकांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त आहे. कारण तो मुळात सत्तर किलोच्या चाळिशीतल्या पुरुषावरून घेतलेला. इथे मला या विषयाचा खरा राग येतो, विनोदी लेखात राग येणं बरं नव्हे तरीही. निम्मं ऑफिस शाली पांघरून काम करतं आणि आपण त्यांनाच म्हणतो, तुमची प्रकृती तपासून घ्या.

वाऱ्याबद्दल बोलतो. "डोक्यात वारा जाईल, कान बांध," हे वाक्य प्रत्येक मराठी घरात कुणीतरी म्हणतंच. फँगर यांनीच १९८०च्या दशकात झोताच्या त्रासावरही प्रयोग केले आणि डोकं-मान हा भाग वाऱ्याला फार हळवा असतो, हे त्यात धरलं. कानटोपीला डेन्मार्कचा दुजोरा मिळायला इतकी वर्षं लागली. छतातल्या चौकोनी कॅसेट एसीचा झोत चार दिशांना सुटतो. त्या चारांपैकी एकीत ज्याची मान येते तो दुपारी चारनंतर फक्त डावीकडे बघू शकतो. खिडकीकडच्या मंडळींचं दुखणं निराळंच. ज्या देशांत ऊन म्हणजे चैन, तिथल्या इमारतींची चित्रं पाहून आपण हे काचेचे मनोरे उभे केले. दुपारी तीननंतर पश्चिमेची काच तापते, हवा गार असली तरी काचेची धग अंगावर येते, आणि खिडकीशी बसलेला माणूस एका कुशीने भाजतो नि दुसऱ्या कुशीने गारठतो. साहेबांना याची सरासरी दाखवली तर ती अगदी उत्तम निघते. खिडकी उघडावी, तर ती उघडत नाही. इमारतीत सगळ्यात महाग काय असेल तर ती उघडता न येणारी खिडकी.

नागपूरकरांना यातलं काहीच पटत नाही. आमच्या ऑफिसात एक आहेत. पंचेचाळीस अंशांत वाळ्याच्या पडद्याचा कूलर लावून दुपारी झोपणारा हा माणूस मुंबईच्या तेहतिसात पहिल्या दिवशीच शरण आला. "कूलर लावा ना बावा," असं त्याने ॲडमिनला सुचवलंही होतं. पण कूलर पाणी उडवून गार करतो, आणि मुंबईच्या हवेत आणखी पाणी मावायला जागाच नसते. तिकडे कोरडी हवा पाणी पिते म्हणून तो चालतो. हे समजावल्यावर तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे हवासुद्धा हाउसफुल्ल."

सरकारनेही मधे हात घातला. १ जानेवारी २०२० पासून नवा एसी सुरू केला की २४ वरच सुरू झाला पाहिजे असा नियम आला. एक अंश वाढवला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसी २० ते २८ च्या मध्येच चालतील असं जाहीर केलं. त्या दिवशी आमच्याकडे सुतक होतं. सोळा हा आकडा जाणार म्हणून सेल्समधल्या मुलाने दुपारचा डबा खाल्ला नाही.

आपल्या लोकांना नेमकं किती अंशांत बरं वाटतं, हे आपल्याकडे कुणी विचारलंच नाही असं मात्र नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या सोळा इमारतींमध्ये जाऊन तिन्ही ऋतूंत विचारलं, ६,३३० उत्तरं गोळा केली आणि २०१४ साली भारतापुरतं एक मॉडेल मांडलं. आपली माणसं परदेशी मानकांत धरतात त्याहून बऱ्याच उबदार हवेतही मजेत असतात, असं निघालं. यात पुणं नव्हतं, हे संशोधकांचं शहाणपण. पुणेकरांनी उत्तरं देण्याऐवजी प्रश्नावली दुरुस्त करून परत केली असती.

त्याआधी, १९९८ साली, रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर या दोघांनी जगभरच्या इमारतींतली हजारो उत्तरं तपासून एक मजेदार गोष्ट दाखवली होती. जिथे खिडक्या माणसाच्या हातात असतात, तिथे लोक जास्त उकाडाही चालवून घेतात. जिथे सगळं वरून ठरतं, तिथे अंशभर इकडेतिकडे झालं की तक्रार. जुन्या सरकारी कचेरीत वर गरगरणारा पंखा असायचा, टेबलावर पेपरवेट आणि भिंतीवर पाच आकड्यांचा रेग्युलेटर. चार की पाच यावरून वाद व्हायचे, पण उठून कुणीही फिरवू शकायचं, आणि फिरवून आलेला माणूस तासभर शांत बसायचा. पंखा बहुधा चार आणि पाचला सारखाच फिरत असे.

हे गुपित एसीच्या धंद्यातल्या माणसांना फार दिवसांपासून माहीत आहे. काही मोठ्या इमारतींत भिंतीवर थर्मोस्टॅट असतो, त्याला बटणं असतात, आकडे बदलतात, आणि मागे वायरच नसते. लोकांनी दाबावं आणि बरं वाटून घ्यावं म्हणून तो तिथे असतो. आमच्याकडे जो मेकॅनिक येतो, त्याने एकदा शिडीवरून उतरताना आमच्या भिंतीवरच्या डबीबद्दल सांगितलं, "ती आधीच्या कंपनीची. नुसती टांगलीय." बाकी त्याचं निदान ठरलेलं असतं, "गॅस कमी झालाय." गळती नसेल तर एसीतला गॅस वर्षानुवर्षं तसाच राहतो, पण हे त्याला सांगायची कुणाची छाती नाही, तो चिडला तर जूनपर्यंत येत नाही.

एका माणसाला या सगळ्यात कुणी धरत नाही. एसी गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, वर आपल्या कॉम्प्रेसरची भर घालून. आमच्या मजल्याची उष्णता जिथे पडते, त्या मागच्या गल्लीत वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो. निळा जाड युनिफॉर्म, टोपी, बूट. क्लो किती होतात ते कुणीतरी मोजावं. त्याला मी विचारलं तर म्हणाला, "पावसाळ्यात बरं पडतं, कपडे लवकर वाळतात."

गेल्या महिन्यात अखेर साहेबांनी तापमानाचा कायमचा निकाल लावायला मीटिंग बोलावली. अकाउंट्सच्या मॅडम, सेल्सचा मुलगा, एचआर, ॲडमिन, नागपूरकर आणि विसातल्यांचा प्रतिनिधी म्हणून मफलरवाले काका. मॅडम सव्वीसवर अडल्या, सेल्स अठरावर. भाजीबाजारात होते तशी घासाघीस होऊन गाडी तेविसावर आली, साहेबांनी तेवीस मंजूर केलं आणि ॲडमिनला म्हणाले, रिमोट आणा, आत्ता सगळ्यांसमोर लावू. मीटिंग रूमचा एसी तेवढा वेळ सगळ्यांच्या मानेवर अठरा अंशांचा झोत सोडत होता, त्यामुळे ठराव पटापट होत होते.

रिमोट आला. ॲडमिनने तो छताकडे रोखला, बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग साहेबांनी दाबलं. सेल्सच्या मुलाने मागचं झाकण उघडलं. आत सेल नव्हते. ऑफिसबॉयला बोलावलं. तो अगदी सरळपणे म्हणाला, "ते तर दिवाळीत भिंतीवरच्या घड्याळाला लावले ना सर."

"मग रोज सकाळी तू सोळावर काय करत होतास?"

"तुम्ही सांगता म्हणून दाबायचो. सगळे म्हणायचे, हां, आता बरं वाटतंय."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मॅडमनी शाल सारखी केली. आदल्याच दिवशी "आता कसं छान झालं" म्हणून त्यांनी त्या पोराला चॉकलेट दिलं होतं. काकांनी "मला तेव्हाच शंका आली होती" असं म्हणून पाहिलं, पण दात वाजत असल्याने ते कुणाला नीट कळलं नाही. सेल आणायला माणूस पाठवायचा, तर घड्याळ बंद पाडायचं की खर्चाला मंजुरी घ्यायची यावर चर्चा सुरू होणार होती. पण तेवढा वेळ त्या खोलीत बसायला कुणीच तयार झालं नाही. चहा यायच्या आत मीटिंग संपली.

आमच्या ऑफिसच्या इतिहासात असं पूर्वी कधी झालेलं नाही, आणि साहेबांच्या ते बरोबर लक्षात आलं. त्यांनी नवे सेल आणायची मागणी स्थगित ठेवली. आता सगळ्या मीटिंगा त्याच खोलीत होतात. बजेट एका बैठकीत मंजूर होतं, तासाभराचं प्रेझेंटेशन दहा मिनिटांत आटोपतं, आणि ज्याला विरोधात बोलायचं असेल त्याला आधी स्वतःचे दात वाजायचे थांबवावे लागतात.